गर्भपाताचा हक्क, बाळंतपणाचा भार आणि पालघर

मोखाडा तालुक्यातल्या जोगलवाडीच्या कातकरवाडीतला एक बाप जून 2025 मध्ये मृत जन्मलेलं आपलं बाळ पिशवीत घालून नाशिकहून एसटीने घरी आला. बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा 108 ची गाडी वेळेत मिळाली नव्हती. खोडाळा, मोखाडा आणि शेवटी नाशिक असं करत पोचेपर्यंत बाळ पोटातच गेलं होतं. त्याआधी ऑगस्ट 2022 मध्ये याच तालुक्यात, बोटोशीच्या मर्कटवाडीत एका बाईची सातव्या महिन्यात घरीच प्रसूती झाली. जुळी मुलं दगावली आणि रक्तस्राव होणाऱ्या आईला डोलीतून डोंगर उतरवून रुग्णालयात न्यावं लागलं. नोव्हेंबर 2024 मध्ये डहाणू तालुक्यातल्या सारणीच्या गरोदर बाईला कासा रुग्णालयातून सिल्वासाला हलवायचं ठरलं, पण तिच्या प्रकृतीला लागणारी सुसज्ज रुग्णवाहिका मिळायला वेळ गेला. ती वाटेतच गेली आणि पोटातलं बाळही गेलं.

या तिघींनाही मूल हवं होतं. गर्भपाताच्या प्रश्नाचा आढावा घेताना त्यांना आधी आणलं ते मुद्दाम. ज्या बाईला मूल नको आहे तिलाही याच रस्त्याने, याच रुग्णालयाकडे जावं लागतं आणि तिथे तिला तेच अपुरे डॉक्टर भेटतात. आपल्याकडे एकीचा प्रश्न स्त्रीचा हक्क म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात चर्चिला जातो आणि दुसरीचा कुपोषण-मातामृत्यू म्हणून विधिमंडळाच्या अधिवेशनात. दोन्हीकडे बोलणारी माणसं वेगळी, फायली वेगळ्या, खातीसुद्धा वेगळी. प्रश्न मात्र एकच आहे, असं माझं ठाम मत आहे. मूल न होऊ देण्याची मोकळीक आणि झालेलं मूल वाढवण्याचं बळ यांपैकी एक गोष्ट नसली की दुसरीला निवड म्हणता येत नाही.

आधी कायदा पाहू. भारतात गर्भपात हा मुळात गुन्हा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या 312 व्या कलमात गर्भपात करवणाऱ्याला शिक्षा होती, आणि स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही त्यातून सुटत नव्हती. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम 88 क्रमांकाने आलं आहे. या गुन्ह्याला अपवाद म्हणून 1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि 1 एप्रिल 1972 पासून तो अमलात आला. चोरून केलेल्या गर्भपातांत बाया मरतात, म्हणून काही करा, असं सांगणारी समिती 1964 मध्ये नेमली गेली होती. तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह तेव्हा महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. अमेरिकेत 1973 साली न्यायालयाने जो हक्क दिला आणि 2022 मध्ये काढून घेतला, त्याच्याही आधी आपल्या संसदेने हे पाऊल टाकलं होतं. पण ते टाकताना निर्णय बाईच्या हाती दिला नाही. डॉक्टरने सद्भावनेने तसं मत दिलं तरच गर्भपात कायदेशीर ठरतो.

2021 च्या दुरुस्तीने बरंच बदललं. विसाव्या आठवड्यापर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. बलात्कारपीडित, अल्पवयीन, अपंग, गरोदरपणातच विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या अशा काही स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने चोविसाव्या आठवड्यापर्यंत मुभा मिळाली. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जायचं. गर्भनिरोधक फसलं, हे कारण पूर्वी फक्त विवाहितेला देता येत असे. आता कायद्यात 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आहेत. पुढे 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांपर्यंतची मुभा लागू केली आणि नवऱ्याने केलेली बळजबरीही या कायद्यापुरती बलात्कार मानली.

दिल्लीतल्या एका अविवाहित तरुणीच्या याचिकेवर आलेल्या या निकालाचं महत्त्व जव्हार-विक्रमगडच्या पाड्यांवर अधिक आहे. वारली आणि कातकरी समाजात लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून जोडपी वर्षानुवर्षं एकत्र नांदतात. मुलं होतात, ती शाळेत जातात, आणि मग कधीतरी लग्न लावणाऱ्या धवलेरीच्या गाण्यांनी किंवा एखाद्या सामुदायिक सोहळ्यात आई-बापांचं लग्न लागतं. समाज त्यांना नवरा-बायकोच मानतो. रुग्णालयाच्या कागदावर मात्र ती बाई अविवाहित ठरते आणि तिच्याकडे बघण्याची नजर तिथून बदलते. पाड्यावर जिच्याकडे कोणी बोट दाखवलं नसतं, ती केसपेपर काढताना खाली मान घालते. न्यायालयाने जे मान्य केलं ते या समाजाने कधीच मान्य केलेलं होतं. मान्य करायचं राहिलंय ते खिडकीपलीकडच्या माणसांनी.

अल्पवयीन मुलींचं दुखणं याहून खोल आहे. सोळा-सतरा वर्षांची मुलगी गरोदर राहिली की 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे डॉक्टरने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. बळजबरीच्या प्रकरणात ते हवंच. पण घरच्यांनी लवकर लग्न लावून दिलेल्या किंवा स्वतःच्या मर्जीने कोणाबरोबर राहिलेल्या मुलीच्या बाबतीत त्याचा अर्थ नवरा तुरुंगात आणि घरातली मजुरी बंद, असा होतो. मग ती दवाखान्यात येतच नाही. पाचव्या महिन्याची तपासणी नाही, लोहाच्या गोळ्या नाहीत, गर्भपाताची वेळ टळून गेलेली. थेट कळा सुरू झाल्यावर कोणीतरी तिला आणतं. 2022 च्या त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख देण्याची गरज नाही. हे वाक्य प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला पाठ असायला हवं. बालविवाह थांबवायचेच आहेत, पण ते थांबवण्याची किंमत गरोदर मुलीने जिवावर मोजू नये.

आता घाट उतरून बोईसरला येऊ. तारापूरची औद्योगिक वसाहत रसायनं, औषधं, कापड आणि पोलादाच्या शेकडो कारखान्यांची. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली कुटुंबं इथल्या खोल्यांतून राहतात, आणि पालघरच्या पूर्व भागातल्या मुलीही ठेकेदाराकडून पॅकिंगच्या कामाला लागतात. इथे दवाखाने कमी नाहीत. रस्ता आहे, लोकल आहे, खासगी डॉक्टर आहेत. तरी प्रश्न सुटत नाही, कारण इथली अडचण अंतराची नाही, हजेरीची आहे. प्रसूती लाभ कायद्याने आदल्या बारा महिन्यांत 80 दिवस काम केलेल्या बाईला 26 आठवड्यांपर्यंत पगारी रजा मिळते. गर्भपात झाला किंवा केला, तरी सहा आठवडे पगारी रजा मिळते. पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर हवं. नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी कायम आहेत. पण ठेकेदार बदलला की दिवसांची मोजणी पहिल्यापासून. मस्टरवर नाव दुसऱ्याचं, पगार रोखीत. अशा बाईने रजा मागायची कोणाकडे?

ती मग काय करते? मेडिकलच्या दुकानातून गोळ्या आणवते, रात्री घेते आणि रक्त जात असतानाच सकाळच्या पाळीला उभी राहते. 'साफ झालं' एवढंच शेजारणीला सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 27 टक्के गर्भपातांत बाईने घरी स्वतःच ते केल्याचं आढळलं. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज याहून मोठा आहे. 2015 मध्ये देशात सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले आणि त्यांतले जवळपास तीन चतुर्थांश रुग्णालयाबाहेर, गोळ्यांनी. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही औषधं नवव्या आठवड्यापर्यंत, योग्य मात्रेत घेतली तर सुरक्षित आहेत. किती आठवडे झाले हे कोणी मोजलेलं नसणं, आणि रक्त थांबलं नाही तर कुठे जायचं हे ठाऊक नसणं, हा खरा धोका आहे.

महाराष्ट्रात तर या गोळ्यांचीच भीती बसली. त्याला कारण आहे. 2012 मध्ये परळीत आणि मार्च 2017 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळमध्ये स्त्रीभ्रूणहत्येची प्रकरणं उघड झाली. दोन्ही वेळी आधी एका बाईचा जीव गेला, मगच यंत्रणा हलली. लिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे 1988 साली देशातलं पहिलं राज्य. तरीही 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 894 मुलीच उरल्या होत्या. संताप रास्तच होता. पण कारवाईचा रोख औषध दुकानांवर वळला आणि अनेक दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच बंद केलं. सोनोग्राफीत लिंग कळतं ते साधारण बाराव्या-तेराव्या आठवड्याच्या पुढे. गोळ्या चालतात नवव्या आठवड्यापर्यंत. म्हणजे गोळ्या अडवून एकही मुलगी वाचत नाही. उलट जिला सातव्या आठवड्यात सुटका हवी होती, ती पंधराव्या आठवड्यापर्यंत वणवण करते आणि मग कोण्या बोगस दवाखान्यात जाते. लिंगनिदान करणाऱ्याला जबर शिक्षा आणि लवकरच्या गर्भपाताला मोकळा रस्ता, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, हे राज्याच्या आरोग्य खात्याने आता तरी उघडपणे सांगायला हवं.

या प्रश्नाला महाराष्ट्रात मोठा इतिहास आहे. 1863 मध्ये पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाल्याची हकीकत जोतिरावांनी 1884 मध्ये सरकारला लिहिलेल्या पत्रात आहे. फसवणारा पुरुष मोकळा आणि बाई अंदमानात, हे त्यांना सहन झालं नाही. विधवांनी गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं, नाव विचारलं जाणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. तिथेच जन्मलेल्या यशवंतला त्यांनी दत्तक घेतलं. 1875 मध्ये लालशंकर उमियाशंकर यांनी पंढरपुरात तसंच घर उभारलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अशाच गुन्ह्यात झालेल्या शिक्षेवरून उठलेल्या गदारोळाला उत्तर म्हणून ताराबाई शिंद्यांनी 1882 मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. पुढे र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यापायी नोकरी, मान, पैसा सगळं गमावलं.

फुल्यांच्या घरात गर्भपाताची सोय नव्हती. तेव्हाच्या कायद्यात ती शक्यही नव्हती. पण पुढच्या सगळ्या कायद्यांत जी गोष्ट हरवली, ती तिथे होती. बाईला दोष न देता तिच्या मुलाची जबाबदारी दुसऱ्या कोणीतरी, स्वतःच्या घरात, घेतली होती. आज राज्याच्या बालसंगोपन योजनेला क्रांतीज्योती सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. त्या योजनेत पात्र मुलामागे महिन्याला 2250 रुपये मिळतात. नाव देणं सोपं असतं. सावित्रीबाईंनी नावगाव विचारलं नव्हतं. आपण कागदपत्रांची चळत मागतो.

न्यायालयांच्या निकालांतही हीच फट दिसते. 2008 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गर्भाच्या हृदयात दोष असल्याने सव्विसाव्या आठवड्यात गर्भपाताची परवानगी मागणाऱ्या एका दांपत्याची याचिका फेटाळली आणि देशभर चर्चा झाली. 2021 च्या दुरुस्तीचं बीज त्या याचिकेत आहे. 2016 मध्ये त्याच न्यायालयाने कैदी स्त्रियांच्या प्रश्नात स्वतःहून लक्ष घालून, गर्भ बाईच्या शरीरात वाढतो, म्हणून निर्णय तिचाच, असं निःसंदिग्ध सांगितलं. ऑक्टोबर 2023 मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्या दोन मुलांच्या आईला सव्विसाव्या आठवड्यात परवानगी नाकारली. प्रसूतीचा खर्च सरकार करेल आणि हवं तर मूल दत्तक देता येईल, असं त्यात म्हटलं. एप्रिल 2024 मध्ये मुंबई परिसरातल्या चौदा वर्षांच्या बलात्कारपीडितेला जवळपास तिसाव्या आठवड्यात आधी परवानगी दिली गेली आणि आईवडिलांनी मन बदलल्यावर आठवड्यात ती मागे घेतली गेली. पुन्हा तेच: खर्च शासनाचा, दत्तकाची सोय शासनाची.

प्रसूतीचा खर्च दिला की जबाबदारी संपली का? मूल जन्मल्यानंतरच्या पाच, दहा, पंधरा वर्षांबद्दल निकालपत्रं फारसं बोलत नाहीत. गर्भातल्या जिवाची कळवळून बाजू घेणाऱ्यांनाही माझा हाच प्रश्न आहे. त्या कळवळ्याबद्दल मला शंका नाही. पण 1992-93 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत शंभराहून अधिक बालकं कुपोषणाने मेली, तीही जन्माला आलेली मुलंच होती. त्यानंतर नवसंजीवनी योजना आली, माहेरघरं आली, 2015 मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली. अमृत आहारातून आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दिवसाला एक चौरस आहार मिळतो. योजना चांगली आहे. ती सुरू होते गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत, आणि दिवाळी झाली की कातकरी कुटुंब भिवंडी, वसई, बदलापूरच्या वीटभट्ट्यांवर निघून जातं. अंगणवाडी गावात राहते, पोट भट्टीवर. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे 5000 रुपये पहिल्या बाळंतपणाला, दुसऱ्या वेळी 6000, तेही मुलगी झाली तरच. अठरा वर्षांखालची आई त्यात बसत नाही. तिसरेपणाची बाई बसत नाही. थोडक्यात, जिची कूस सर्वांत थकलेली आणि जिचं वय सर्वांत कोवळं, त्या दोघींनाच वगळलं आहे.

म्हणून गर्भपाताच्या हक्काची बाजू घेणाऱ्यांनाही, ज्यांत मी स्वतःला धरतो, एक गोष्ट मान्य करावी लागते. तिसऱ्या वेळी दिवस गेले आणि भट्टीच्या मुकादमाची उचल फिटलेली नाही म्हणून पोट पाडणारी बाई हक्क बजावते आहे, असं म्हणून हात झटकता येत नाहीत. तिला कदाचित ते मूल हवंही असेल. तिच्यापुढे गर्भपाताची सुरक्षित सोय हवीच. शिवाय तिच्या मजुरीची, रेशनची, आधीच्या दोघांच्या शाळेची हमीही हवी. तेव्हाच तिने काय ठरवलं हे कळेल.

हक्क नसला तर काय होतं हे बेळगावने जवळून पाहिलं आहे. तिथली लेक सविता हलप्पनवार आयर्लंडमध्ये दंतवैद्य होती. ऑक्टोबर 2012 मध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झालं होतं, तरी गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून गॉलवेच्या रुग्णालयाने गर्भपात नाकारला आणि ती जंतुसंसर्गाने गेली. तिच्या बेळगावच्या आईवडिलांनी आयर्लंडच्या लोकांना हात जोडून आवाहन केलं. मे 2018 च्या सार्वमतात दोन तृतीयांश मतदारांनी घटनेतली बंदी उठवली. श्रीमंत देशात, उत्तम रुग्णालयात, शिकलेली बाई कायद्यामुळे मेली. आपल्याकडे कायदा आहे, आणि मोखाड्याची बाई रस्त्यामुळे मरते.

2018-20 या काळात महाराष्ट्राचा मातामृत्यू दर लाखामागे 33 होता, देशाचा 97. अभिमान वाटावा असाच हा आकडा आहे, पण सरासरीत मोखाडा दिसत नाही. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा काढून पालघर जिल्हा केला तो मुख्यालय जवळ यावं म्हणून. गुंतागुंतीचं बाळंतपण आजही नाशिक, सिल्वासा, वलसाड किंवा ठाण्याला जातं.

करता येण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. सरकारी रुग्णालय गर्भपातासाठी कायद्याने आपोआप मान्यताप्राप्त असतं, वेगळी परवानगी लागत नाही. प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस डॉक्टर सुरुवातीच्या आठवड्यांतला गर्भपात करू शकतो. म्हणजे जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरीतल्या आरोग्य केंद्रांत तसा एकेक डॉक्टर नेमणं आणि त्याचा वार बाहेर फळ्यावर लिहिणं, एवढं जिल्हा परिषदेच्या हातात आहे. तारापूरच्या कारखानदारांच्या संघटनेने वसाहतीत सामायिक पाळणाघरं काढावीत. एकट्या छोट्या कारखान्याला ते परवडत नसेल, पण शेकडो कारखान्यांना मिळून परवडतं. अमृत आहाराचं ताट भट्टीपर्यंत जावं. जिला मूल ठेवायचं नाही तिला हेही कळावं की बालकल्याण समितीपुढे ते रीतसर सोपवता येतं आणि मन बदललं तर 60 दिवसांत परत घेता येतं; कचराकुंडीत अर्भक सापडल्याच्या बातमीत आई कोण हे शोधण्याआधी, हे तिला कोणी सांगितलं होतं का, हे विचारलं जावं.

आणि हे वाचणाऱ्या आशाताईंना, अंगणवाडीताईंना, आश्रमशाळेतल्या बाईंना आणि बोईसरच्या चाळींत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना एक विनंती. पाड्यावर, पाळी सुटताना गेटवर, आठवडी बाजारात एवढं जरूर सांगा: अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईला गर्भपातासाठी फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही लागत नाही, सासूची नाही, ठेकेदाराची तर नाहीच. आणि तिचं नाव फोडणाऱ्याला कायद्यात एक वर्षापर्यंत तुरुंगवासाची शिक्षा आहे.